वाचकांचे प्रश्न : राजधानीचे स्थानक

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसविषयी (सीएसएमटी) आम्ही गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. घुमट, पुतळे आणि नक्षीकाम यांच्यावर पत्रांचा पाऊस पडेल अशी आमची अटकळ होती, पण इमारतीविषयी एकच दखल घेण्याजोगे पत्र आले. बाकीच्यांना गाड्या, फलाट, वेळा आणि गर्दी यांच्याबद्दल विचारायचे होते. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मंत्रालयात काम निघाले की आम्ही विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरतो आणि त्याच दिवशी संध्याकाळी तिनेच परततो. कोल्हापूर आणि सोलापूरकडच्या गाड्याही सकाळीच पोचतात असे दिसते. हे मुद्दाम ठरवलेले आहे काय? आणि मधला दिवस कसा लावावा? (एक वाचक, गोंदिया)

उत्तर : राजधानीत एका दिवसाचे काम असलेला माणूस हे या स्थानकाचे फार जुने गिऱ्हाईक आहे, आणि वेळापत्रकात त्याची सोय ठळकपणे दिसते. गोंदियाची विदर्भ, अमरावती एक्स्प्रेस, कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, लातूर एक्स्प्रेस आणि नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर अशी वाट काढत येणारी देवगिरी या सगळ्या गाड्या रात्रभर धावून सकाळी मुंबईत येतात आणि संध्याकाळनंतर एकामागून एक परत निघतात. अंतर रात्रीत कापले जाते, मुंबईत खोली घेण्याचा खर्च वाचतो आणि कचेऱ्या उघडायच्या आत माणूस दारात हजर असतो. याला दुसरेही एक कारण आहे, आणि ते प्रवाशांच्या सहसा लक्षात येत नाही. सकाळी आठ-साडेआठनंतर कुर्ल्यापासून पुढचे रूळ लोकल गाड्यांसाठी इतके लागतात की बाहेरगावच्या गाडीला त्यांत शिरकाव करून देणे कठीण होते. त्यामुळे रात्रीच्या गाड्या गर्दी चढण्यापूर्वी आत आलेल्या रेल्वेलाही बऱ्या वाटतात.

सातच्या सुमारास ८ ते १८ क्रमांकांच्या फलाटांवर थोडा वेळ उभे राहिले, तर अर्ध्या महाराष्ट्राची कामे हातातल्या पिशव्यांवरून ओळखता येतात. पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल, तिच्यातून डोकावणारे सातबाऱ्याचे उतारे, शिक्षकाचा बदलीचा अर्ज, रुग्णाच्या एक्स-रेचे मोठे पाकीट. नळावर तोंड धुऊन, शर्ट बदलून, चहा घेऊन ही मंडळी बाहेर पडतात. शहरातल्या नोकरदारांची पहिली मोठी लाट लोकलमधून उतरायची तेव्हा अजून असते.

आता दिवसाविषयी. जड सामान क्लोक रूममध्ये ठेवावे. बॅगेला कुलूप असल्याखेरीज ती घेतली जात नाही आणि तिकीट दाखवावे लागते, म्हणून साधे छोटे कुलूप घरूनच आणलेले बरे. तास-दोन तास पाठ टेकायची असेल, तर प्रतीक्षालय आहे, आणि २०२२ पासून भाड्याने मिळणारे स्लीपिंग पॉडही आहेत. मंत्रालयाकडे जाण्यासाठी बेस्टच्या बसगाड्या आणि टॅक्सी पूर्वीपासून आहेतच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून मात्र स्थानकासमोरूनच भुयारी मेट्रोने हुतात्मा चौक आणि चर्चगेट ही दोन स्थानके ओलांडून विधान भवनला उतरता येते, आणि तेथून मंत्रालय पायी जवळ आहे. सर्वसामान्य अभ्यागतांना मंत्रालयात साधारणपणे दुपारी प्रवेश मिळतो, तेव्हा सकाळचे तास उच्च न्यायालय, विद्यापीठ किंवा फोर्टातील इतर कचेऱ्यांच्या कामांना द्यावेत. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. शुक्रवारी रात्री गाडीत बसून शनिवारी सकाळी येणाऱ्याला बंद दरवाजे पाहावे लागतात, आणि अशी माणसे अजूनही दिसतात.

रुग्णालयात जायचे असल्यास थोडा विचार करावा. सेंट जॉर्जेस रुग्णालय स्थानकाला लागूनच आहे, कामा आणि जी. टी. चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. परळच्या टाटा किंवा केईएम रुग्णालयासाठी मात्र गाडी थांबत असेल तर दादरलाच उतरावे, शेवटपर्यंत येऊन पुन्हा मागे जाऊ नये.

प्रश्न : आमच्या भागासाठी नव्या गाडीची मागणी केली की ती लोकमान्य टिळक टर्मिनस किंवा दादरपर्यंत देऊ असे उत्तर मिळते. सीएसएमटीला १८ फलाट असताना जागा का नसावी? (एक वाचक, जालना)

उत्तर : अडचण फलाटांपेक्षा फलाटांपर्यंत येणाऱ्या रुळांची अधिक आहे. १८ फलाटांपैकी पहिले ७ लोकलचे आणि उरलेले ११ बाहेरगावच्या गाड्यांचे. पण कुर्ला ते सीएसएमटी या टप्प्यात मुख्य मार्गाचे चारच रूळ आहेत : धीम्या लोकलचे दोन आणि जलद लोकलचे दोन. हार्बरचे दोन रूळ वडाळा आणि शिवडीच्या बाजूने वेगळे येतात, त्यांचा बाहेरगावच्या गाड्यांना उपयोग नाही. कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत पाचवा व सहावा रूळ आहे. त्यातील ठाणे ते दिवा हा रखडलेला तुकडा २०२२ साली पूर्ण झाला. म्हणजे कल्याणहून स्वतंत्र रुळांवर आलेली एक्स्प्रेस कुर्ल्याच्या परिसरात पोचली की तिला जलद लोकलच्या रांगेत घुसावे लागते. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात रोज १,८०० च्या आसपास लोकल फेऱ्या होतात. गर्दीच्या वेळी दोन जलद लोकलमध्ये काही मिनिटांचेच अंतर असते, आणि एक लांब पल्ल्याची गाडी आत घ्यायची तर एखादी लोकल मागे ठेवावी लागते.

या अडचणीवरचा तोडगा म्हणूनच १९९१ साली कुर्ल्याजवळ नवे टर्मिनस काढण्यात आले, तेच आजचे लोकमान्य टिळक टर्मिनस. पाचव्या-सहाव्या रुळांवरून येणारी गाडी तेथे लोकलच्या वाटेत न येता विसावू शकते. उत्तर भारताच्या कित्येक गाड्या तेथूनच सुटतात आणि त्यात गैर काही नाही, कारण त्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना फोर्टात जायचे असते.

जिल्ह्यांतून येणाऱ्या रात्रीच्या गाड्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि येथे आम्ही आमचे मत स्पष्टपणे मांडतो. ज्या गाडीतील प्रवाशाला त्याच दिवशी मंत्रालयात, उच्च न्यायालयात किंवा आझाद मैदानावरील धरण्यात हजर व्हायचे आहे, तिला कुर्ल्याला थांबवणे म्हणजे त्याला सामानासह, ऐन गर्दीच्या तोंडावर, लोकलमध्ये चढायला लावणे होय. मुंबईकराला हे किरकोळ वाटेल; साठीच्या घरातील, शहराची सवय नसलेल्या शेतकऱ्याला ते मुळीच किरकोळ नाही. नव्या गाड्या कोठून सोडाव्यात यावर वाद असू शकतो, परंतु विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या ज्या गाड्या आज सीएसएमटीला येतात त्या तेथून हलवण्याचा विचारही होऊ नये.

परळ ते कुर्ला आणि त्यानंतर सीएसएमटी ते परळ अशा दोन टप्प्यांत पाचवा-सहावा रूळ पुढे आणण्याची योजना आहे. जुने पूल आणि रुळांना खेटून उभ्या असलेल्या इमारती यांमुळे हे काम सोपे नाही. फलाटांचे काम तुलनेने पुढे गेले आहे : २४ डब्यांच्या गाड्या मावाव्यात म्हणून १० व ११ क्रमांकांचे फलाट २०२४ च्या जूनच्या आरंभी वाढवण्यात आले. त्यासाठी सीएसएमटीला ३६ तासांचा आणि त्याच सुमारास ठाण्याला फलाट रुंदीकरणासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशांना आठवत असेलच. गाडी लांब झाल्याने त्याच एका फेरीत अधिक प्रवासी येतात. नव्या फेरीसाठी लागणारी रुळांवरची जागा मात्र त्याने वाढत नाही.

प्रश्न : संध्याकाळी सीएसएमटीला आमची डोंबिवली लोकल लागते आणि लगेच सुटते. सात फलाटांवर एवढ्या लोकल कशा फिरवल्या जातात? आणि ऐन वेळी फलाट का बदलतात? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : प्रत्यक्षात आपल्या वाट्याला सातही फलाट येत नाहीत. १ आणि २ हार्बरचे, म्हणून मुख्य मार्गाच्या धीम्या आणि जलद अशा सगळ्या लोकल उरलेल्या पाच फलाटांवर येतात. लोकलच्या दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्यामुळे इंजिन काढून दुसऱ्या बाजूला जोडण्याची भानगड नसते. आलेल्या मोटरमनने बारा डब्यांची, म्हणजे अडीचशे मीटरहून लांब गाडी चालत ओलांडून दुसऱ्या टोकाला जायचे म्हटले तर वेळ जाईल, म्हणून पुढच्या फेरीचा मोटरमन मशीद या पुढच्या स्थानकाकडच्या टोकाला आधीच उभा असतो. गाडी थांबते, तो केबिनमध्ये चढतो, बफरकडच्या, म्हणजे रूळ संपतात त्या टोकाच्या, केबिनमध्ये गार्ड (आता त्यांचे पदनाम ट्रेन मॅनेजर) येतात, सिग्नल मिळतो आणि काही मिनिटांत तीच गाडी डाऊनला, म्हणजे कल्याणच्या दिशेने, निघते. पंधरा डब्यांच्या लोकल २०१२ पासून आल्या, त्यांना अर्थातच अधिक लांब फलाट लागतो.

फलाट ऐन वेळी बदलण्याचे मूळ स्थानकाच्या बाहेर, मशीदच्या अलीकडे आहे. तेथे सगळे रूळ नरसाळ्यासारखे अरुंद होतात आणि एका रुळावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी क्रॉसओव्हर आहेत. जलद मार्गावरून आलेल्या गाडीला एखाद्या फलाटावर घ्यायचे, तर तिने ओलांडलेल्या रुळांवरच्या गाड्यांना तेवढा वेळ सिग्नलला थांबावे लागते. एखादी गाडी चार मिनिटे उशिरा आली की तिच्यासाठी ठरलेला फलाट मोकळा ठेवायचा की मागच्याला द्यायचा, हा निर्णय नियंत्रकाला तत्काळ घ्यावा लागतो, आणि त्याचा परिणाम म्हणून इंडिकेटरवरची अक्षरे बदलतात. मग पाचवर उभे असलेले दोनशे लोक चारकडे पळतात. २०२४ च्या त्याच ब्लॉकच्या वेळी येथील जुनी रिले पद्धतीची सिग्नल यंत्रणा बदलून इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग बसवण्यात आले. त्याने मार्ग लावण्याचे काम सुकर होते, परंतु अरुंद तोंड रुंद होत नाही.

आपण पत्रात बसायला जागा मिळत नसल्याची तक्रारही केली आहे. कारण आपल्याला ठाऊक असणारच : गाडी सीएसएमटीला रिकामी होण्याआधीच भायखळा, सँडहर्स्ट रोड आणि मशीदहून उलटे आलेले प्रवासी खिडक्या धरून बसलेले असतात. त्यांच्याकडे सीएसएमटीपर्यंतचा पास असेल, तर नियमाने त्यांना कोणी उठवू शकत नाही.

जाता जाता एक गोष्ट. भारतातील पहिली विजेवरची गाडी याच स्थानकातून ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हार्बरमार्गे कुर्ल्याला गेली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिला निरोप दिला होता. दोन्ही टोकांनी चालवता येणारी गाडी आली म्हणूनच आजची ही झटपट ये-जा शक्य झाली.

प्रश्न : येथील सेंट पँक्रास स्थानक पाहताना व्हीटीची आठवण येते. आपले स्थानक त्याची नक्कल आहे काय? (एक वाचक, लंडन)

उत्तर : नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल, परंतु नाते आहे. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्यासमोर व्हिक्टोरियन गॉथिक शैलीचे नमुने होते आणि सेंट पँक्रास त्यांतील ठळक होते. बांधकाम १८७८ साली सुरू होऊन १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, स्थानकाला तिचे नाव देण्यात आले : व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे व्हीटी. मधोमध दगडी घुमट, त्यावर हाती मशाल घेतलेली ‘प्रगती’, प्रवेशद्वाराच्या खांबांवर एका बाजूला ब्रिटनचा सिंह आणि दुसऱ्या बाजूला भारताचा वाघ. दगडातील मोर, माकडे, पाने-फुले यांच्या घडणीत तेव्हाच्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जे. जे. च्या विद्यार्थ्यांचा हात आहे, आणि लंडनपासून हे स्थानक वेगळे होते ते मुख्यतः येथे.

आम्हाला महत्त्वाचा वाटणारा फरक मात्र वापराचा आहे. सेंट पँक्रासच्या दर्शनी भागात हॉटेल होते. मुंबईत दर्शनी इमारत रेल्वेचे मुख्यालय म्हणून बांधली गेली आणि आजही मध्य रेल्वेचा कारभार तेथूनच चालतो. घुमटाखालचा डौलदार जिना कर्मचारी रोज फायली घेऊन चढतात, आणि डाव्या हाताच्या तारांकित छताच्या दालनात लोकलची तिकिटे विकली जातात. युनेस्कोने २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा दिलेल्या इमारतीत तिकिटासाठी रांग लावण्याचे भाग्य जगात फार थोड्यांना लाभते, पण त्या रांगेतून मान वर करून छताकडे पाहणारा विरळाच.

दर्शनी भिंतीवरील गोलांत जे अर्धपुतळे आहेत, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई हेही आहेत. या इमारतीच्या आधी येथे बोरीबंदरचे साधे स्थानक होते आणि १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला गेलेली पहिली गाडी तेथूनच सुटली. नाना शंकरशेट त्या गाडीत होते, आणि मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटणाऱ्यांत ते आघाडीवर होते. पुढे बोर आणि थळ हे दोन्ही घाट पार करून रूळ नागपूर, कलकत्ता आणि रायचूरकडे गेले, कापसाची आणि माणसांची वाहतूक वाढली आणि जुने स्थानक अपुरे पडले. स्टीव्हन्स यांचेच दुसरे काम समोर उभे आहे, महानगरपालिकेचे मुख्यालय. स्थानकाचे नाव १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ जोडण्यात आले. इमारतीतील वारसा दालन पाहता येते. कामाच्या दिवशी दुपारी चौकशी करावी.

प्रश्न : लहानपणी २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात स्थानकावरच्या उद्घोषकाने लोकांना वाचवल्याचे ऐकले होते. हे खरे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खरे आहे. २००८ सालच्या त्या रात्री या स्थानकात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. उद्घोषक विष्णू झेंडे यांच्या कक्षातून फलाटांचा भाग दिसत होता. गोळीबार सुरू आहे हे ओळखून त्यांनी ध्वनिक्षेपकावरून, मराठीतून आणि हिंदीतून, लोकलच्या प्रवाशांना त्या बाजूला न येता दुसरीकडून बाहेर पडण्यास पुन्हा पुन्हा सांगितले. रोज ‘फलाट क्रमांक पाचवर येणारी लोकल’ सांगणाऱ्या आवाजावर लोकांचा इतका सवयीचा विश्वास होता की त्यांनी कारण न विचारता तसे केले.

प्रश्न : मडगावहून पावसाळ्यात यायचे आहे. वेळा का बदलतात? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : कोकण रेल्वेवर दरडी आणि पाणी यांच्या धोक्यामुळे पावसाळ्यात वेग कमी ठेवला जातो आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वेगळे वेळापत्रक असते. मांडवी, कोकणकन्या आणि जनशताब्दी या तिन्ही गाड्या सीएसएमटीला येतात, परंतु त्या काळात त्यांच्या सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळा पाहूनच पुढचे काम ठरवावे. वंदे भारत पावसाळ्यात आठवड्यातून कमी दिवस धावते.

प्रश्न : आईचे वय ऐंशी आहे, गुडघे दुखतात. तिला महालक्ष्मीने न्यायचे आहे. सीएसएमटीहून बसवावे की दादरहून? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सीएसएमटीहून. शेवटचे स्थानक असल्यामुळे सगळे फलाट पुढच्या प्रशस्त दालनाला सपाटीवर मिळतात, पूल किंवा जिना चढावा लागत नाही. शिवाय सुटण्यापूर्वी काही वेळ गाडी उभी असते आणि सावकाश चढता येते. दादरला गाडी थोडाच वेळ थांबते आणि पुलावर गर्दी असते. टॅक्सीने येत असाल तर पी. डि’मेलो मार्गाच्या बाजूने, १८ क्रमांकाच्या फलाटाकडून यावे, मुख्य रस्त्यावरची कोंडी टळते. चाकाच्या खुर्चीसाठी स्टेशन व्यवस्थापकांच्या कार्यालयात विचारावे. बॅटरीवरची गाडी कधी मिळते, कधी नाही. तिच्या भरवशावर राहू नये. सुटणाऱ्या गाडीचे इंजिन मशीदच्या टोकाला असते आणि लांब गाडीत त्या टोकाचा डबा गाठायला जवळपास अर्धा किलोमीटर चालावे लागते, म्हणून आपला डबा कोठे येतो ते फलाटावरच्या फलकावर आधी पाहून घ्यावे आणि निदान पाऊण तास हाताशी ठेवावा.